सरासरी तीस, मग तिशीत मेलं कोण?

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं आणि वडील हंबीरराव मोहिते स्वराज्याचे सरसेनापती होते. ताराबाई गेल्या त्या डिसेंबर १७६१ मध्ये, साताऱ्यात. पानिपतची लढाई होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. शाळेत दोन-तीन इयत्तांमध्ये विभागून शिकवलेला मराठ्यांचा इतिहास या एका बाईच्या हयातीत मावतो. संभाजी महाराजांची हत्या, जिंजीचा वेढा, राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाशी सात वर्षं झुंज, मग शाहू महाराजांशी वैर, आणि एकामागोमाग तीन पेशव्यांच्या कारकिर्दी. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, नानासाहेब, तिघेही त्यांच्या आधी गेले.

ज्याच्याशी त्या लढल्या तो औरंगजेबही अहमदनगरजवळ मेला तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. त्याच्या दोन वर्षं आधी, सत्त्याऐंशीव्या वर्षात, तो वाकिनखेड्याच्या वेढ्यात स्वतः छावणी टाकून बसला होता. जिजाऊ पंचाहत्तरीच्या आसपास गेल्या. समर्थ रामदासांनी सत्तरी ओलांडली होती. मल्हारराव होळकर त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत मोहिमांवर होते. अहिल्याबाई सत्तराव्या वर्षापर्यंत राज्य चालवत होत्या.

आता यांच्या शेजारी एक वाक्य ठेवून पाहा. ते आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं: पूर्वी माणसाचं सरासरी आयुष्य तीस वर्षं होतं. त्यापाठोपाठ डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. विशीत केस पिकलेले, पंचविशीत पाठीला पोक, तिशीत तिरडी, आणि चाळिशीचा माणूस म्हणजे गावातलं नवल. मग वर उल्लेखलेली मंडळी अपवाद ठरतात. राजघराण्यातली, खाऊनपिऊन सुखी, म्हणून जगली असतील असं आपण स्वतःला सांगतो.

गंमत अशी की तो आकडा बरोबर आहे. आधुनिक वैद्यक आणि स्वच्छ पाणी येण्याआधी जगातल्या बहुतेक समाजांमध्ये जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुष्य पंचवीस ते पस्तीस वर्षांच्या घरात होतं. चुकतं ते चित्र. आकडा आणि चित्र यांच्यामध्ये नेमकं काय निसटतं हे पहिल्यांदा कळलं तेव्हा, निदान मला तरी, मानवी इतिहास वेगळाच दिसायला लागला.

एक हिशेब मांडू. एखाद्या गावात एका हंगामात दहा मुलं जन्मली. त्यातली तीन पहिल्या वर्षाच्या आतच गेली, त्यांचं वय शून्य धरू. आणखी दोघं तीन वर्षांची होऊन गेली. उरलेली पाच मोठी झाली आणि अनुक्रमे चाळीस, पंचावन्न, साठ, पासष्ट आणि सत्तराव्या वर्षी मेली. सगळ्यांच्या वयांची बेरीज होते २९६. दहांनी भागा. सरासरी आयुष्य २९.६ वर्षं. आणि त्या दहांपैकी तिशीत मेलेलं एकही माणूस नाही. विशीत नाही, तिशीच्या उंबरठ्यावरही नाही. ज्या वयाला आपण ‘त्या काळचं सरासरी मरणाचं वय’ समजत होतो, त्या वयात या गावात कोणाच्याही घरी सुतक आलं नाही.

हा हिशेब मी समजावण्यापुरता रचला. खराखुरा हिशेब ज्याने पहिल्यांदा नीट मांडला तो माणूस आपल्याला वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे: एडमंड हॅले, धूमकेतूवाला. सतराव्या शतकात आयुर्विमा आणि वार्षिकी विकणाऱ्यांना एक प्रश्न छळत होता. तीस वर्षांच्या माणसाकडून किती पैसे घ्यायचे आणि साठ वर्षांच्या माणसाकडून किती? त्यासाठी कोणत्या वयात किती माणसं मरतात हे कळायला हवं. लंडनच्या नोंदी उपयोगाच्या नव्हत्या, कारण तिथे बाहेरून येणाऱ्यांचा लोंढा मोठा होता. जन्मली एकीकडे, मेली दुसरीकडे. पण मध्य युरोपात ब्रेस्लाऊ नावाचं शहर होतं, आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. तिथे ये-जा कमी होती, आणि कास्पर नॉयमान नावाचा एक पाद्री जन्म-मृत्यूच्या नोंदी वयासकट गोळा करत होता. १६८७ ते १६९१ या पाच वर्षांचे ते आकडे हॅलेच्या हाती आले आणि १६९३ मध्ये त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तक्ता छापला. राजाराम महाराज तेव्हा जिंजीच्या वेढ्यात अडकलेले होते.

तो तक्ता सावकाश वाचावा असा आहे. ब्रेस्लाऊत वर्षाला सरासरी १,२३८ मुलं जन्मत, आणि त्यातली ३४८ पहिल्या वर्षातच जात. हॅलेने तक्ता सुरू केला तो पहिल्या वर्षातल्या एक हजार जिवांपासून. सातव्या वर्षी त्यातले ६९२ उरतात. आणि इथून पुढे घसरण एकदम मंदावते. विसाव्या वर्षी ५९८, तिसाव्या वर्षी ५३१, चाळिसाव्या वर्षी ४४५. साठाव्या वर्षी २४२ जण जिवंत आहेत. सत्तराव्या वर्षी १४२. ऐंशीव्या वर्षीसुद्धा ४१. म्हणजे ज्या शहरात निम्मी मुलं सतरा वर्षांच्या आत मरत, त्याच शहरात वीस वर्षांचे झालेल्यांपैकी शंभरातले चाळीस साठी गाठत होते आणि चोवीस सत्तरी. ब्रेस्लाऊच्या रस्त्यावर, चर्चमध्ये, बाजारात म्हातारी माणसं सर्रास दिसत. हॅले स्वतः पंच्याऐंशी वर्षं जगला. त्याच्या नावाचा धूमकेतू त्याच्याच भाकिताप्रमाणे १७५८ च्या अखेरीस परतला, तेवढा मात्र त्याला पाहायला मिळाला नाही.

आपल्याकडे असा तक्ता कोणी मांडला नव्हता, पण समाजाने स्वतःसाठी जे विधी करून ठेवले ते पुरेसं बोलतात. साठ पूर्ण झाली की षष्ट्यब्दीपूर्ती. आणि सहस्रचंद्रदर्शन तर विलक्षणच. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस. अशा हजार पौर्णिमा पाहायच्या तर पावणेएक्याऐंशी वर्षांहून थोडं जास्त जगावं लागतं. ज्या समाजात ऐंशीचा माणूस कोणी पाहिलाच नाही, तो समाज त्याच्यासाठी समारंभ ठरवून ठेवणार नाही. बायबलमध्येही माणसाच्या आयुष्याची मर्यादा सत्तर, फार तर ऐंशी सांगितली आहे. तीस कोणीच सांगितलेली नाही.

याहून मागे जाऊ, शेतीच्याही आधी. टांझानियात हाडझा नावाची जमात आहे. त्यातले काही लोक अजूनही शिकार आणि कंदमुळं यांवर जगतात. तिथे काम करणाऱ्या क्रिस्टन हॉक्स या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञेला एक गोष्ट दिसली. कडक जमिनीतून खोल गेलेले कंद काढण्याच्या कष्टाच्या कामात सर्वांत चिकाटीच्या होत्या त्या साठीच्या आसपासच्या आज्या. आईच्या पोटी दुसरं मूल आलं की आधीच्या नातवंडाची वाढ आजीने आणलेल्या कंदांवर अवलंबून असायची. यातून ‘आजी-सिद्धान्त’ पुढे आला. बाईची पाळी पन्नाशीच्या आत-बाहेर थांबते आणि ती पुढे वीस-वीस वर्षं धडधाकट जगते, ही प्राणिसृष्टीत दुर्मिळ गोष्ट आहे. चिंपांझीत ती सहसा दिसत नाही. हॉक्सच्या मते माणसात ती टिकली, कारण आजी असलेल्या घरातली नातवंडं जास्त तगली. या सिद्धान्तावर वाद आहेत. पण शिकारी टोळ्यांच्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: बालपण पार केलेल्या माणसांच्या मरणाचं सर्वांत ठळक वय तिथेही सत्तरीच्या आसपास येतं. कोणताही दवाखाना नसताना. म्हातारपण हा आधुनिक काळाचा शोध नाही, ते माणूस या प्राण्याच्या घडणीतच आहे.

मग जुन्या हाडांवरून शास्त्रज्ञ ‘पस्तीस वर्षांचा पुरुष’ असं कसं सांगत होते? वाढत्या वयाच्या मुलाचं वय दातांवरून आणि हाडांच्या टोकांवरून जवळपास अचूक सांगता येतं. वाढ थांबल्यावर मात्र झिजेवरून अंदाज करावा लागतो, आणि म्हाताऱ्यांची हाडं त्या अंदाजांत तरुण ठरत. जुन्या पद्धतींचा हा दोष गेल्या काही दशकांत बराच उघड झाला आहे.

तेव्हा तीस या आकड्यात खरी माहिती आहे ती बाळांच्या मरणाची. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया येतात, तह येतात, पण प्रत्येक घरात घडणारी ही गोष्ट एखाद्या ओळीतही क्वचितच येते. राजवाड्यांनाही ती चुकली नाही. मुमताज महलला चौदा मुलं झाली, त्यातली सात जगली. १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात ती स्वतः गेली. इंग्लंडची राणी ॲन सतरा वेळा गरोदर राहिली. एक मुलगा अकरा वर्षांचा होऊन गेला, बाकी कोणी तितकंही जगलं नाही. संगीतकार बाखच्या वीस मुलांपैकी दहा मोठी झाली. पैसा, वैद्य, दाया, नवस, सगळं हाताशी असलेल्या घरांचे हे हिशेब आहेत.

इथे आणखी एक गैरसमज चिकटतो, आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो. एवढी मुलं मरत म्हणजे आईबापांना त्याचं फारसं वाटत नसणार, ते जीव लावतच नसणार. १९६० मध्ये फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने बालपणाच्या इतिहासावर मोठा गाजलेला ग्रंथ लिहिला, आणि त्यातून ही समजूत बरीच पसरली. पण रोमन लोकांच्या थडग्यांवरचे लेख पाहा. लहान मुलांच्या दगडांवर वय वर्षांत, महिन्यांत आणि दिवसांत कोरलेलं आढळतं. जीव न लावलेल्या बाळाचे दिवस कोणी मोजत नाही.

आणि आपल्याकडे? बाळ पाच दिवसांचं झालं की पाचवी. पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी, कारण ती येऊन बाळाचं नशीब लिहिणार. त्या रात्री बाळाला एकटं ठेवायचं नाही, जागरण करायचं, दिवा विझू द्यायचा नाही. आता वैद्यकाची एक नोंद याच्या शेजारी ठेवतो. नाळ अस्वच्छ विळ्याने किंवा दगडाने कापली की बाळाला धनुर्वात होई, आणि त्याची लक्षणं बहुधा पहिल्या आठवड्यात, किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत दिसत. बाळ दूध ओढायचं थांबे, मग अंग ताठ होई. पाचव्या-सहाव्या रात्रीचं भय आणि हे वेळापत्रक इतकं जुळतं की त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण आहे, असं मला ठामपणे वाटतं. कारण त्यांना माहीत नव्हतं, धोक्याची वेळ मात्र माहीत होती. नाव ठेवायचं ते बाराव्या दिवशी, तो पल्ला पार पडल्यावर.

नावांचंही तसंच. मुलं जगत नसतील तर पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू ठेवायचं. मृत्यूला वाटावं की हे कोणाचं नको असलेलं पोर आहे, आणि त्याने ते उचलू नये. मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं दाखवायचीही रीत होती. गालावर काजळाची तीट लावायची ती याच भीतीपोटी. जुन्या सातबाऱ्यावर, शाळेच्या हजेरीपटावर दगडू आणि धोंडू किती सापडतात ते पाहा. अशा कितीतरी नावांमागे त्याच्याआधी गेलेली, कुठेच नोंद नसलेली भावंडं उभी आहेत.

आयुष्य कमी होतं म्हणून लवकर लग्नं होत, हेही असंच एक ऐकायला पटणारं आणि तपासल्यावर टिकत नसलेलं विधान. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बालमृत्यू भरपूर होते, प्लेग होता, देवी होती. तरी तिथल्या चर्चच्या नोंदवह्या सांगतात की सामान्य घरातल्या मुलीचं पहिलं लग्न सरासरी पंचवीस-सव्वीसाव्या वर्षी होई आणि मुलाचं सत्तावीस-अठ्ठावीसाव्या. शेक्सपियरची ज्युलिएट तेरा वर्षांची असली तरी त्याच्या गावातल्या मुली तेराव्या वर्षी लग्न करत नव्हत्या. तिकडे नवरा-बायकोने वेगळं घर मांडायचं, आणि त्यासाठी आधी काही वर्षं कुठेतरी चाकरी करून पैसा जमवायचा अशी पद्धत होती. आपल्याकडे सून एकत्र कुटुंबात येई, आणि जातीचे व पावित्र्याचे नियम लग्न पाळी येण्याआधीच उरकायला भाग पाडत. मरणाची टांगती तलवार दोन्हीकडे होती. लग्नाचं वय ठरवलं ते समाजाने. बालविवाहाचं खापर अल्पायुष्यावर फोडलं की ज्यांनी तो नियम केला आणि राबवला ते नामानिराळे राहतात.

उलट बालविवाहाने आयुष्य घटवलं. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. उपचार मिळाले असते तर ते वाचलं असतं, या तळमळीतून ही मुलगी फिलाडेल्फियाला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी क्षयाने ती गेली, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

तिच्या मरणामुळे मला उलट्या बाजूच्या गैरसमजाकडे वळावं लागतं. ‘पूर्वीची माणसं शंभर वर्षं जगायची, साजूक तूप, सकस अन्न, मोकळी हवा, रोग माहीतच नव्हते.’ हेही लग्नाच्या पंगतीपासून मोबाइलवरच्या निरोपांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. हॅलेचा तक्ता पुन्हा उघडा. वीस वर्षांच्या ५९८ जणांपैकी साठी गाठणारे २४२. म्हणजे धडधाकट तरुणांपैकी निम्म्याहून जास्त साठ पाहत नसत. थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, आणि साजूक तुपाची त्यांना वाण नव्हती. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. कॉलरा, बाळंतपण, साप, दुष्काळ यांनी किती नेले त्याला गणती नाही. आपल्याला पंचाण्णव वर्षांची पणजी आठवते, कारण ती इतकी जगली की आपल्याला तिला पाहता आलं. तिची जाऊ, जी पहिल्या बाळंतपणात गेली, ती आठवायला कोणी उरलंच नाही. जुनी माणसं तिशीत मरत नव्हती आणि शंभरी सहज गाठतही नव्हती. बालपणाची खिंड पार केली की पुढे बरीच लांब वाट होती, पण तीही धोक्याची होती.

सरासरीचा फसवेपणा किती टोकाला जातो याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. १९११ ते १९२१ या दशकात भारतातलं जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुष्य सुमारे वीस वर्षं होतं. हो, वीस. याच दशकात जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा शिरला आणि देशभरात एक कोटीहून अधिक माणसं घेऊन गेला. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच घडलं आहे. पण वीस या आकड्याचा अर्थ त्या दशकात जन्मलेलं मूल वीस वर्षं जगेल असा नव्हता. त्या दशकातलं मरणाचं प्रमाण जन्मभर तसंच राहिलं तर सरासरी किती जगता येईल, एवढंच तो सांगतो. मरणाचं प्रमाण तसं राहिलं नाही, आणि त्या दशकात जन्मलेले कितीतरी लोक आपण स्वतः पाहिले आहेत. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं ते याच दशकात, १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. ते गेले १९६२ मध्ये, एकशे चार वर्षांचे होऊन.

आज भारतात हा आकडा सत्तरच्या आसपास आहे. वीसवरून सत्तर. ही झेप कशाने आली? मोठी रुग्णालयं, हृदयाच्या शस्त्रक्रिया, महागडी औषधं यांचा वाटा आहे, पण तो उशिरा आलेला आणि लहान. मुख्य काम झालं ते पाच वर्षांच्या आतल्या जिवांसाठी, आणि त्याची साधनं इतकी साधी होती की थक्क व्हायला होतं.

देवीची लस घ्या. जेन्नरने ती १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये शोधली. मुंबईला पोचायला तिला सहा वर्षं लागली, कारण उष्णतेत लस निकामी होई. मग ती बगदाद आणि बसऱ्यामार्गे माणसांच्या दंडांतून आली. एकाला टोचायचं, त्याच्या फोडातला द्रव आठवड्याने दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, आणि तिच्या दंडावरच्या फोडातून लस पुढे भारतभर गेली. पावणेदोनशे वर्षांनी महाराष्ट्रातल्या भिंतींवर ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’ असं रंगवलेलं होतं आणि बक्षीस मागायला रोगी सापडत नव्हता. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा.

व्हिएन्नातल्या सेमेलवाइसने १८४७ मध्ये प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी मरत होत्या, जुलैत एक-दोन. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांतून वाटायला सुरुवात केली. नातेवाईकच कपाने पाजायचे. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्याही खाली आलं. धनुर्वाताची लस गरोदर बाईला दिली आणि नाळ स्वच्छ पात्याने कापली की सटवाईच्या रात्रीचं भय संपतं. २०१५ मध्ये भारताला नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनाचं प्रमाणपत्र मिळालं.

आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग १९८० च्या दशकात तिथे गेले. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघर नोंदी केल्या तेव्हा हजारामागे १२१ बाळं वर्षाच्या आत मरत होती. रुग्णालय दूर, आणि बाळंतीण घराबाहेर पडणार नाही अशी रीत. मग त्यांनी रीत मोडायच्या मागे न लागता गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन करायचं, त्याला उबेत ठेवायचं, श्वास मोजायचे, न्यूमोनिया ओळखायचा, प्रतिजैविक द्यायचं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले. देशभरच्या आशा कार्यकर्त्या आज बाळाच्या घरी जाऊन जे करतात, त्याचं मूळ त्या खेड्यांत आहे.

हॅलेच्या ब्रेस्लाऊत हजारामागे दोनशे ऐंशी बाळं पहिल्या वर्षात जात. भारतात १९७१ मध्ये १२९ जात. आता तो आकडा पंचविसाच्या आसपास आला आहे, आणि महाराष्ट्रात त्याहूनही कमी.

घरातल्या थोरल्या माणसांना आपण ‘तुम्ही किती भावंडं?’ असं विचारतो, आणि ते जगलेल्यांची संख्या सांगतात. एकदा प्रश्न बदलून विचारा: आईला किती मुलं झाली होती? बहुतेक घरांत आकडा वाढेल, आणि कधीकधी एखादं नावही निघेल. घरच्या वंशावळीत ही बाळं नसतात, मुली तर नसतातच. ज्यांना हे आठवतं ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. या दिवाळीत विचारून घ्या आणि वंशावळीच्या वहीत लिहून ठेवा.